डावीकडचं बुटकं शिखर

ढेपे सरांना ‘पाच मिनिटांत येतो’ हे वाक्य उच्चारता येत नाही. जिभेचा दोष नाही, तत्त्वाचा आहे. चहाला चला म्हणून मी त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिलो की ते घड्याळाकडं बघतात, हातातल्या काचेच्या भांड्याकडं बघतात आणि म्हणतात, “नक्की सांगता येत नाही, सर. तुम्ही व्हा पुढं. मी आलो तर येईन.” या शेवटच्या वाक्यात ज्याला चूक काढून दाखवता येईल त्याला माझ्यातर्फे चहा.

परंड्याच्या आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवतात आणि मी इतिहास. राहायच्या खोल्याही एकाच घरमालकाच्या, मध्ये एक भिंत. त्यामुळं या माणसाच्या खरेपणाचा मार मी अगदी जवळून खाल्लेला आहे. इतिहासाच्या माणसाला थोडं सैल बोलायची सवय असते. ‘वेढा पडला तेव्हा किल्ल्यात हजारो माणसं अडकली होती’ असं मी स्टाफरूममध्ये रंगात येऊन सांगत असलो, की कोपऱ्यातून शांत आवाज येतो, “मोजली कुणी?” त्यानंतर त्या वेढ्यात काही राम राहत नाही.

सहज म्हणून “काय सर, कसे आहात?” असं विचारायचीही सोय नाही. “सकाळपासून बरा आहे. त्याआधीचं म्हणत असाल तर पोट जरा बिघडलं होतं.” प्राचार्यांच्या निरोप समारंभात आम्ही सगळ्यांनी त्यांना ज्ञानाचा सागर, मायेची सावली वगैरे करून टाकलं. ढेपे सरांना आग्रहानं उभं केलं तर ते म्हणाले, “सर वेळेवर यायचे. बाकीचं मला माहीत नाही.” आणि बसले. प्राचार्य दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “अहो मोरे, तेवढंच एक भाषण मला खरं वाटलं.” त्यांचा चेहरा मात्र पडलेला होता.

याच खरेपणापायी त्यांचं लग्नही राहिलं. बार्शीला मुलगी बघायला गेलो तेव्हा मोठं माणूस म्हणून मी सोबत होतो. मुलीचे वडील म्हणाले, “पीएच.डी. कधीपर्यंत होईल?” ढेपे सर म्हणाले, “नक्की सांगता येत नाही.” “पण होईल ना?” “तेही सांगता येत नाही.” वडिलांनी जरा सावरून विचारलं, “बरं, व्यसन वगैरे काही?” सर म्हणाले, “मला नाही. हे सर तंबाखू खातात.” पोहे आतच राहिले. आम्हाला नुसता चहा मिळाला, तोही गार. पुढं कुणी स्थळ आणलं नाही आणि सरांनीही कधी विषय काढला नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडं एकाच ताटाचा आवाज यायचा, तेवढं मला ऐकू येई.

आता त्या पीएच.डी.बद्दल. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. झिंक ऑक्साइड नावाची भुकटी असते. तिच्यात चांदीचा किंचित अंश मिसळायचा, भट्टीत तापवायची, आणि मग तिचे गुण कसे बदलले ते पाहायचं. भट्टी तापत आली की परंड्याची लाइट जाई, मग सगळं पहिल्यापासून. तयार झालेली भुकटी फिकट राखाडी दिसे. पोरं तिला ‘सरांची राख’ म्हणायची. ती सोलापूरला नेऊन एका यंत्रात ठेवायची. यंत्र तिच्यावर क्ष-किरण सोडतं आणि कागदावर एक आलेख काढून देतं. आलेखात डोंगराच्या रांगेसारखी शिखरं असतात. प्रत्येक पदार्थाची शिखरं ठरलेली, आपापल्या जागी. झिंक ऑक्साइडची तीन मोठी शिखरं शेजारी शेजारी उभी असतात.

ढेपे सरांच्या आलेखात ती तीन यायची. पण त्यांच्या डावीकडं एक चौथंही यायचं. बुटकं, आगंतुक, कुणी बोलावलेलं नसताना पंगतीत येऊन बसल्यासारखं. ते कशाचं आहे हे सरांना लगेच कळलं. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साध्या भाषेत चुन्याच्या जातीचं काहीतरी. भुकटीत ते आलं कुठून, हे मात्र कळेना. आणि ते जोपर्यंत येत होतं तोपर्यंत ‘आमची भुकटी शुद्ध आहे’ असं लिहिता येत नव्हतं. विद्यापीठातले त्यांचे गाइड फोनवर म्हणायचे, “अरे, भांडी नीट धू.” ढेपे सर भांडी तीनदा धुवायचे. पुढचा आलेख यायचा, डावीकडं बुटकं शिखर हजर.

मग शोध सुरू झाला. पहिला संशय खडूवर. सरांनी वर्गात खडूला हात लावणं बंद केलं आणि अख्खं प्रकाशशास्त्र तोंडी शिकवलं. पोरं म्हणाली, “सर, आकृती तरी काढा.” सर म्हणाले, “मी सांगतो, तुम्ही काढा.” त्या वर्षीच्या पोरांनी काढलेली भिंगं आठवली की अजून डोळे दुखतात. दुसरा संशय प्रयोगशाळेच्या चुना दिलेल्या भिंतींवर. सुट्टीत सरांनी स्वतः भिंती खरवडल्या आणि प्राचार्यांकडून लेखी समज घेतली. तिसरा संशय माझ्यावर.

“सर, तुम्ही तंबाखूला चुना लावता,” ते एकदा चहाच्या टपरीवर म्हणाले. “तो तुमच्या बोटाला राहतो. त्याच हातानं तुम्ही माझ्या टेबलाला टेकता. हवेत राहून राहून त्याचं कॅल्शियम कार्बोनेटच होतं.”

मी म्हणालो, “माझ्यामुळं तुमची पीएच.डी. अडली म्हणता?”

“तसं नक्की सांगता येत नाही. तुम्ही थांबवली तर सांगता येईल.”

हे माझ्या बायकोच्या कानावर गेलं आणि माझा निकाल लागला. पुष्कळ डॉक्टरांनी सांगून जी सुटली नाही ती तंबाखू एका होऊ घातलेल्या डॉक्टरानं सोडवली. मी चिडचिड करत, सुपारीचे तुकडे चघळत दिवस काढले. पुढचा आलेख आला. तीन मोठी शिखरं, आणि डावीकडं ते. सरांनी माझी माफी मागितली. तंबाखू काही परत मिळाली नाही.

असं करता करता दिवस गेले आणि गाइडांची निवृत्ती जवळ आली. ते निवृत्त व्हायच्या आत प्रबंध गेला नाही तर नवा गाइड, नवी नोंदणी, सगळं मुळापासून. ढेपे सरांचं वय वाढत होतं, केस मागं हटत होते. त्यांना बढती नको होती, मान नको होता. एकदाच म्हणाले होते, “मायला सांगितलंय मी, डॉक्टर होईन म्हणून. बारावीत असताना सांगितलंय.” या माणसानं आयुष्यात दिलेलं हे एकमेव आश्वासन असावं. ते खोटं पडलं असतं तर हा माणूस उभा कोसळला असता, हे मला दिसत होतं.

माय राहायची सोनारीला. वडील लवकर गेले. भैरवनाथाच्या देवळापुढं बसून नारळ, फुलं आणि अंगाऱ्याच्या पुड्या विकून तिनं पोराला शिकवलं. पोराचं नावही भैरवनाथच. सर दर शनिवारी तिच्याकडं जात. सोलापूरच्या यंत्राचा नंबर सोमवारचा असे, म्हणून नमुन्यांचा डबा सोबतच नेत आणि सोनारीहून परस्पर बार्शीमार्गे सोलापूर गाठत. डब्यात कागदाच्या पुड्या असायच्या. पुडी बांधावी ती ढेपे सरांनी. चार घड्या, एक मुडप, उलटी केली तरी कण सांडणार नाही. ती विद्या मायकडून आलेली होती.

एका शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो. सोमवारी सोलापुरात माझंही काम होतं. घरी देवदर्शन असं सांगितलं. खरं कारण मायच्या हातची, भाजक्या पिठा-मसाल्याची येसराची आमटी. माय हाडानं बारीक पण आवाजानं दणदणीत. ताटात भाकरी टाकता टाकता मला म्हणाली, “मास्तर, ह्येचं ते काम कुठवर आलं हो? इचारावं तर म्हणतंय, नक्की सांगता येत न्हाय. ह्येला सांगता येत न्हाय, तुमाला सांगता येत न्हाय, मंग कुनाला सांगता येतं?”

मी आपलं सहज बोललो, “देवालाच ठाऊक.”

“व्हय,” माय म्हणाली. “म्हणून त्येच्याच कानावर घालतीया म्या.”

मला वाटलं, नवसबिवस असेल. ढेपे सर खाली बघून आमटी कालवत होते.

सोमवारी सकाळी निघायच्या गडबडीत आम्ही दोघं अंगणात दात घासत होतो. पत्र्यावर माकडं उड्या मारत होती. दार उघडं होतं. आत माय सरांच्या पिशवीपुढं मांडी घालून बसली होती. तिनं डबा काढला. एक पुडी उचलली, घड्या अलगद उलगडल्या. शेजारच्या पितळी डबीतून अंगाऱ्याची चिमूट घेतली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, चिमूट पुडीत सोडली आणि पुडी होती तशी बांधली. चार घड्या, एक मुडप. मग दुसरी. मग तिसरी. एवढी चपळाई की आयुष्यभर तेच केलंय हे सांगावं लागू नये.

माझ्या हातातला ब्रश थांबला. मी सरांकडं पाहिलं. हजेरीपटावर चुकीच्या रकान्यात सही झाली तर कॉलेज डोक्यावर घेणारा माणूस तोंडात फेस घेऊन नुसता उभा होता. आतून शब्द आले ते आम्ही दोघांनी ऐकले. “नाथा, लेकराच्या कामाला यश दे. लई राबतंय.” ढेपे सर मागं वळले, हौदापाशी गेले आणि कितीतरी वेळ चूळ भरत राहिले.

एसटीत बार्शीपर्यंत ते मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून बसले. मग म्हणाले, “गोवऱ्यांची आणि लाकडांची राख असते ती. कॅल्शियम कार्बोनेट.”

“सांगा की मग तिला.”

“काय सांगू?”

“की माय, तुझ्या चिमटीपायी माझं काम अडलंय.”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. “वाक्य बरोबर आहे, सर,” ते म्हणाले. “म्हणवत नाही.”

मी खिशात तंबाखू चाचपली आणि ती नाही हे आठवलं.

त्या आठवड्यापासून खऱ्या नमुन्यांचा डबा माझ्या कपाटात राहू लागला, पूर्वी मी तंबाखू लपवायचो त्या कप्प्यात, आणि सोमवारी सकाळी मी तो बार्शीच्या स्टँडवर सरांना नेऊन देई. त्याच भुकटीतला उरलेला भाग पुड्या बांधून सोनारीला जाई आणि अंगारा घेऊन येई. “ही फसवणूक नाही,” सर मला समजावायचे. “भुकटी तीच आहे. मी तिला वेगळं काही सांगितलेलं नाही.” मी न विचारता ते हे पुन्हा पुन्हा सांगायचे. पुढचा आलेख आला. तीन शिखरं, स्वच्छ. डावीकडं सपाट माळरान. ढेपे सरांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला आणि डावीकडच्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं.

गाइड म्हणाले, जुने आलेख काढून टाक. सर म्हणाले, “आलेलं रीडिंग खोडायचं नसतं.” प्रबंधात जुने-नवे दोन्ही आलेख गेले, खाली एका ओळीसह. ‘अशुद्धीचा स्रोत दूर केल्यावर हे शिखर नाहीसे झाले.’ वाक्य शंभर टक्के खरं होतं आणि त्यात काही सांगितलेलं नव्हतं.

तोंडी परीक्षेला विद्यापीठात मायला मी घेऊन गेलो. ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं. पाहुण्यांना पोहे देण्याची रीत असते. माय नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली, पदराच्या गाठीत अंगाऱ्याची पुडी. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, सज्जन. अर्धा वेळ इंग्रजी चाललं. माय टक लावून पोराच्या ओठांकडं बघत होती. परीक्षकांच्या ते लक्षात आलं. त्यांचा चेहरा मऊ झाला. “आई आल्यात ना? मग आता मराठीतच बोलू. त्यांनाही कळू दे मुलानं काय केलंय ते.”

माणूस चांगुलपणा करायला गेला आणि मी खिशात सुपारी शोधू लागलो.

त्यांनी पडद्यावर जुना आलेख लावायला सांगितला. डावीकडं ते बुटकं शिखर. “हे चुन्याचं शिखर पहिल्या सगळ्या नमुन्यांत आहे. पुढं एकदम गायब. तुम्ही लिहिता, स्रोत दूर केला. म्हणजे तुम्हाला स्रोत सापडला. तो कुठंय प्रबंधात? काय होतं हे? आलं कुठून?”

ढेपे सर पडद्यावरच्या त्या शिखराकडं बघत राहिले.

“हे कळल्याशिवाय मला हे प्रकरण मान्य करता येणार नाही,” परीक्षक म्हणाले. “प्रबंध परत जाईल.” गाइडांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते.

माय माझ्याकडं झुकली. “काय इचारत्यात?”

“ते शिखर कशामुळं आलं विचारतायत.”

“मंग सांगंल की. त्येला समदं ठावं असतं.”

सरांनी मायकडं पाहिलं. पदराच्या गाठीकडं पाहिलं. हा माणूस ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणत नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. त्याच्या तोंडून आता खरं येणार आणि ही म्हातारी भरल्या सभेत ऐकणार की पोराची इतकी वर्षं आपल्या चिमटीनं खाल्ली. मला उठून बाहेर जावंसं वाटलं.

“माझी चूक, सर,” ढेपे सर म्हणाले. “मी हात नीट धूत नव्हतो. नंतर धुवायला लागलो.”

“इतकी वर्षं?”

“हो सर.”

“अहो, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात!” परीक्षक चिडले, आणि बराच वेळ चिडत राहिले. शिस्त, निष्काळजीपणा, संशोधनाची प्रतिष्ठा. ढेपे सर हात मागं बांधून ऐकत होते. मागच्या बाकांवर पोरं हसली.

तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची वाजली. माय उभी राहिली होती.

“न्हाय सायब,” ती म्हणाली. आवाज देवळापुढं गिऱ्हाइकाला हाक मारतानाचा. “त्ये खोटं बोलतंय. हात धुतल्याबिगर घास घेत न्हाय माझा भैरू. ल्हानपनापासनं. तुमी कुनालाबी इचारा सोनारीत.”

सगळे हसले. परीक्षकही हसले, आणि हसल्यावर माणूस फार चिडू शकत नाही. “बसा आई,” ते म्हणाले. “आईपुढं कोण बोलणार?” त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. ‘ही अशुद्धी संशोधकाच्या निष्काळजीपणामुळे आली,’ असं प्रबंधात स्पष्ट लिहायचं. सर म्हणाले, लिहितो. आणि लिहिलं. पदवी मिळाली.

पोह्यांच्या वेळी मायनं गाठ सोडून सगळ्यांना अंगारा दिला. परीक्षकांनी तो भक्तिभावानं लावला, उरलेली पुडी खिशात ठेवली आणि बशी उचलली. ढेपे सर त्यांच्या खिशाकडं बघत होते.

परत येताना माय खिडकीला डोकं टेकून झोपली. मी हळूच म्हटलं, “सर, तुम्ही खोटं बोललात.”

त्यांनी नेहमीसारखा विचार केला. “हात धूत नव्हतो हे खोटं,” ते म्हणाले. “चूक माझी होती, हे खोटं आहे असं नक्की सांगता येत नाही.” मग मायचा पदर खिडकीच्या वाऱ्यानं उडत होता तो त्यांनी तिच्या मांडीवर नीट ठेवला. पुढं कॉलेजात कुणी “अभिनंदन डॉक्टर” म्हटलं की ते “अजून विद्यापीठाची अधिसूचना आलेली नाही” म्हणायचे, आणि ती येईपर्यंत त्यांनी दारावरच्या पाटीला हात लावू दिला नाही.

ही झाली जुनी गोष्ट. आता गाइड निवृत्त आहेत, भट्टी झाकून ठेवलेली आहे, सोलापूरचा नंबर लावायचा प्रश्न उरलेला नाही. मायचे गुडघे गेले. ती देवळापुढं बसत नाही, पुड्या विकत नाही, दिवसभर ओसरीवर बसून असते. परवा शनिवारी मी स्टँडवर ढेपे सरांना गाठलं. पिशवीत डबा होता. मी झाकण उघडून पाहिलं. पुड्या. चार घड्या, एक मुडप.

“आता काय आहे यात?”

“झिंक ऑक्साइड.”

“कशासाठी?”

सरांनी खांद्यावरचा पिशवीचा बंद सारखा केला. मग म्हणाले, “माय दर शनिवारी विचारते, संपलं का रे काम?”

“मग तुम्ही काय सांगता?”

“मी म्हणतो, नक्की सांगता येत नाही.” सोनारीची गाडी लागली होती. त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि झाकण नीट दाबून बसवलं. “मग ती उठते, सर. भिंतीला धरून का होईना, पण उठते. डबी आणायला.”